पूजेतला कागद

कागदाला कुंकू लावायला म्हणून मीनाक्षी वाकली आणि तिला एक शब्द वाचता आला. वाचायचा म्हणून तिनं तो वाचला नव्हता. तुकोजीरावांच्या देवघरात चौरंगावर, पिवळ्या रेशमी रुमालात तो कागद उघडून ठेवला होता. चार पिढ्यांच्या हळदीनं त्याच्या कडा जाड झाल्या होत्या, मधला भाग मात्र अजून शाबूत होता. तुकोजीरावांच्या बायकोनं, जयलक्ष्मीनं, करंडा पुढे केला होता, आणि अनामिकेवरचं कुंकू वरच्या कोपऱ्याला टेकवायचं एवढंच बाकी होतं. तेवढ्यात एका ओळीच्या शेवटाशी ती अक्षरं दिसली. नये. मोडीतलं 'नये'. तळ्यात पाय सोडून बसावं आणि एकाएकी मासा टोचावा तसं काहीतरी झालं. बोट हवेतच राहिलं. कोणी, काय करू नये? बाकीची ओळ पुन्हा नुसत्या वळणांची झाली होती, आणि तो एकच शब्द मात्र हलायला तयार नव्हता. "लावा अक्का, आमच्या सासूबाई म्हणायच्या, हे राजाचं अक्षर, देवाहून कमी नाही," जयलक्ष्मी म्हणाली. मीनाक्षीनं कुंकू लावलं. पण लावताना तिचं बोट त्या शब्दापासून दूर गेलं, आणि हे आपण मुद्दाम केलं हे तिचं तिला कळलं.

देवघराच्या दाराबाहेर सोप्यावर तिघे पुरुष बसले होते. तिचा नवरा राजगोपाल, घराचे मालक तुकोजीराव, आणि ज्यांच्या शब्दावर हा सगळा योग जुळून आला होता ते शंकरनारायण अय्यर. मधे पितळी ताटात विड्याची पानं, सुपारी, हळकुंड, आणि विसाराचे एकशे एक रुपये. आज गुरुवार. दीड वाजता राहुकाळ लागणार, त्याच्या आत ताट या हातातून त्या हातात जायला हवं होतं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला दहा मिनिटं होती. विसार दिला की मागे फिरणं नाही. उद्या सोनाराकडे मीनाक्षीच्या पाटल्या आणि कंबरपट्टा जायचा, परवा पोस्टातलं तिच्या नावावरचं पुस्तक रिकामं व्हायचं, त्यात राजगोपालचा फंड आणि वर दीड हजाराचं कर्ज, आणि महामहमच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावरचं हे दोन चौकी घर त्यांचं व्हायचं. दोन वर्षांनी राजगोपाल मुन्सफ कोर्टातल्या कारकुनीतून सुटणार होता. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर या दोघांच्या आणि रस्त्याच्या मधे जे काही उभं होतं ते सगळं त्या ताटात पडायचं होतं. म्हणून कुंकू लावून बाहेर यायचं, हसायचं आणि "घ्या" म्हणायचं, एवढंच तिचं काम होतं. पोस्टाचं पुस्तक तिच्या नावावर असल्यामुळे तिनं 'घ्या' म्हणणं लागत होतं, नाहीतर तेही लागलं नसतं.

शंकरनारायण अय्यरांना कुंभकोणममध्ये न ओळखणारा माणूस म्हणजे नुकताच गाडीतून उतरलेला. रजिस्ट्रार कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गृहस्थानं पैसा कसा वाढवावा यावर तमिळमध्ये एक लहानसं पुस्तक छापलं, आणि दर रविवारी संध्याकाळी आपल्या घराच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, ते लोकांना सल्ला देत. ताटात चार आणे टाकायचे आणि विचारायचं. कारकून, शाळामास्तर, भांड्यांचे व्यापारी, विड्याची पानं पिकवणारे, सगळे गोळा व्हायचे. अय्यरांचं म्हणणं सोपं होतं आणि म्हणून चटकन मनात बसायचं. भाडं देणारा दुसऱ्याचं घर बांधतो. माणसं वाढतात, जमीन वाढत नाही. पोस्टात पैसा ठेवणारा भित्रा, कर्ज काढून घर घेणारा शहाणा, कारण ते कर्ज भाडेकरू फेडतो. यंदा तर दोन गोष्टी त्यांच्या हाताशी आयत्याच आल्या होत्या. भाताचा भाव असा पडला होता की कावेरीकाठचे जमीनदार तोंड लपवून हिंडत होते, आणि सोन्याचा भाव असा चढला होता की पेठेतल्या सोनारांना जेवायला फुरसत नव्हती. तेव्हा शेत नको, सोनं विका, आणि तळ्याभोवती घर घ्या. पुढच्या माघात बारा वर्षांनी महामहमचा मेळा येणार. लाखो माणसं तळ्यात बुडी मारायला येणार, दहा दिवसांत घराचं दोन वर्षांचं भाडं वसूल. राजगोपाल हे ऐकून घरी यायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लग्नात होतं तसं तेज असायचं. एकदा तो तिलाही घेऊन गेला. दाराआड बायकांत बसून तिनं ऐकलं, आणि न राहवून विचारलं की मेळ्याचे दहा दिवस झाले, मग मधली अकरा वर्षं त्या घरात कोण राहणार. ओट्यावर हशा पिकला. अय्यर म्हणाले, अम्मांना वाटतं आपण मेळ्यानंतर घर पाण्यात सोडून देणार. राजगोपालही हसला. त्याच्या हसण्याचं तिला फार लागलं. बाकीचे हसले ते परके होते.

आणि खरं सांगायचं तर तिच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही याचं तिला वाईटापेक्षा बरंच वाटलं होतं. घर तिलाच हवं होतं. राजगोपालपेक्षा तिला हवं होतं. छत्तीस वर्षांत सहा भाड्याची घरं झाली, आणि आताच्या घरमालकीण शिवकामी अम्मा तर विहिरीवर उभ्या राहून घागरी मोजायच्या. भिंतीत खिळा मारायचा तर विचारायचं, दारात तुळस लावायची तर विचारायचं, पाहुणा तिसऱ्या दिवशी राहिला तर शिवकामी अम्मा नुसत्या चौकात येऊन उभ्या राहत. मागल्या आठवड्यात हे तुकोजीरावांचं घर बघायला आली तेव्हा मीनाक्षीनं स्वयंपाकघराची भिंत हातानं चाचपली होती. चुन्याची, गार, गुळगुळीत. परसातल्या विहिरीचं पाणी पिऊन बघितलं होतं. जयलक्ष्मी शेजारी धुणं धूत होती, आणि तिच्याकडे बघताना मीनाक्षीला वाटलं होतं, या दगडावर आता आपण. त्या रात्री तिला अय्यरांचं सगळं पटलं. भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, खरंच आहे. पण सकाळी चुलीपुढे बसल्यावर तेच उलटं दिसायला लागलं. भाडं पाण्यात जातं, तर व्याज कुठे जातं? भाडेकरू कर्ज फेडेल म्हणतात, पण भाडेकरू म्हणजे आपल्यासारखीच माणसं, आणि कारकुनीचा पगार असूनही आपणच गेल्या दोन महिन्यांचं भाडं कसं दिलं ते आपल्याला ठाऊक. मेळ्याची घरं मेळ्याच्या वर्षी महाग असणारच, मग शहाणा माणूस ती मेळ्याच्या दुसऱ्या दिवशी घेईल की आदल्या? असं सगळं मनात यायचं आणि मग वाटायचं, हे शहाणपण नव्हे, ही भीती आहे. पाटल्या सुटत नाहीत म्हणून हे सुचतंय. स्वतःच्या मनातलं कोणतं बोलणं खरं धरावं हे कळत नसलं की माणूस इतका थकतो की समोरचा म्हणेल ते हो म्हणतो. ती तशीच हो म्हणत इथपर्यंत आली होती.

आणि आता हा शब्द. तिनं पुन्हा वाकून बघितलं. जयलक्ष्मीला वाटलं ती नमस्कार करतेय, म्हणून तीही हात जोडून उभी राहिली. अप्पांचा वास आला. कुठून आला कोण जाणे. जुन्या कागदाला, कापराला आणि तपकिरीला मिळून येणारा वास. अप्पा, म्हणजे मीनाक्षीचे वडील रामलिंगराव, तंजावरच्या राजघराण्यानं बांधलेल्या धर्मशाळांच्या दफ्तरात लेखनिक होते. राज्य कधीच खालसा झालं, साहेबाचं आलं, तरी त्या धर्मशाळांच्या जमिनी, कुळं, नेमणुका सगळं मोडीत लिहिलेलं, आणि ते वाचणारा माणूस साहेबालाही लागे. अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा मीनाक्षी दहा वर्षांची होती. नोकरी जाऊ नये म्हणून अप्पांनी कोणालाही न सांगता तिला मोडी शिकवली. दुपारी दार लावून ती वाचायची, अप्पा पाठ करायचे, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत कागद डोळ्यांपुढे धरून पाठ म्हणायचे. पाच वर्षं हा उद्योग चालला. ती लग्न होऊन गेली त्या वर्षी अप्पांनी नोकरी सोडली, आणि पोस्टातले अकराशे रुपये तिच्या नावावर केले. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. तिला मात्र ठाऊक होतं. तो तिचा पाच वर्षांचा पगार होता.

मोडी वाचायची तऱ्हा वेगळी. आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लोंबत ठेवलेली, हात न उचलता लिहिलेली, एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे कागदावर दिसतच नाही. पहिल्या वर्षी ती रडायची. अप्पा म्हणायचे, "मनांत वाचूं नको. मनांत अस्के एकच होतें. तोंडानें म्हण. श्वास मोडतो तिथें शब्द मोडतो." अस्के म्हणजे सगळं. ही घरातली मराठी, अप्पा गेल्यावर तिच्याशी असं बोलणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली. तर अप्पांनी सांगितल्याप्रमाणे ती पुटपुटत वाचायची, आणि पुटपुटता पुटपुटता एकदम अर्थ लागायचा. छत्तीस वर्षांत तिनं एक अक्षर मोडी वाचली नव्हती. वाचायला काही उरलंच नव्हतं. मराठी घरांतून असे कागद होते, पण ते असेच, रुमालात, हळदीत, दसऱ्याला बाहेर काढून पूजा करून परत ठेवायचे. ज्याच्याकडे असा कागद तो घरंदाज. त्यात काय लिहिलंय हे विचारणं म्हणजे देव्हाऱ्यातल्या मूर्तीचं वजन विचारण्यासारखं होतं. तुकोजीरावांनीही मघाशी छाती फुगवून सांगितलं होतं की पणजोबांना महाराजांनी ही जागा बक्षीस दिली, त्याची ही सनद. अय्यरांनी मान डोलावली होती. सरकारी कचेरीत तेरा वर्षांचा शोध घेतलाय, कसला बोजा नाही, विल्लंगम् नाही, आणि वर ही राजाची मोहर, अजून काय पाहिजे.

मीनाक्षीनं ओठ हलवायला सुरुवात केली. बाहेरून राजगोपालनं हाक मारली, वेळ होतोय. जयलक्ष्मीनं दारातूनच हळू आवाजात सांगितलं की स्तोत्र म्हणताहेत, होऊं दे. पहिली ओळ नुसतीच घरंगळत गेली. शके, संवत्सर, श्री, राजश्री, त्यातलं काही पकडता येईना. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, यावेळी अप्पांच्या चालीवर, थोडं गुणगुणत, दर वळणाला किंचित रेटा देत. आणि तिसऱ्या ओळीत श्वास आपोआप मोडला. जागा. पुन्हा मोडला. श्रीविठ्ठलदेवाचे. मग मात्र लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना कमरेचा दोर कोणी सोडला हे कळत नाही आणि आपण तरंगत असतो, तशी ती वाचत गेली. शेवटाशी पोचली. पुन्हा वर गेली. तिनं दुसऱ्यांदा वाचलं. आता अर्थाबद्दल शंका नव्हती, शंका स्वतःबद्दल होती. हे कागदावर आहे की पाटल्या सुटत नाहीत म्हणून आपण वाचतोय? छत्तीस वर्षांनी, पहिल्याच फेरीत, आपल्याला जे हवं तेच बरं निघालं? पण आपल्याला हे हवं होतं का? तिनं डोळे मिटून ती गार, गुळगुळीत भिंत आठवली, विहिरीचं गोड पाणी आठवलं, आणि तिला स्वच्छ कळलं की नाही, आपल्याला हे नको होतं. आपल्याला घर हवं होतं. कागद आपल्या इच्छेविरुद्ध बोलतोय. मग तो खरंच बोलतोय. त्या क्षणी तिला जे वाटलं ते सुटकेसारखं होतं, आणि त्यात थोडी मस्तीही होती. पाच वर्षं दार लावून केलेलं काम होतं ते. आज दार उघडं होतं.

ती कागद तसाच रुमालासकट दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आली. देवघरातला कागद असा बाहेर येताना बघून तुकोजीराव उठूनच उभे राहिले. राजगोपालनं ताटाला हात लावला होता. तो तिनं नजरेनं थांबवला. "ऐकून घ्या," ती म्हणाली, आणि कोणी काही बोलायच्या आत वाचायला लागली.

"कुंभकोण क्षेत्रीं तीर्थाचे पूर्वेस हे जागा श्रीविठ्ठलदेवाचे एकादशीचे भजनास व दिव्यास दिल्ही असे. राहणारानें घर बांधोन सुखरूप राहावें, दर एकादशीस मठीं तेल पोंचवावें. जागा विकूं नये, गहाण ठेवूं नये. विकिल्यास जागा देवाकडे परत जावी, घेणारास भिंतींवांचून कांहीं नसावें."

राजगोपालनं तिच्याकडे असं बघितलं की जणू त्याच्या घरात छत्तीस वर्षं दुसरंच कोणी राहत होतं. "तुला हें वाचतां येतें?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "तुमी कधीं विचारिलें नाही." त्यात टोमणा नव्हता. जे होतं ते तिनं सांगितलं.

सगळ्यात आधी सावरले ते अय्यर. त्यांना मराठी बेताचीच कळायची, पण धोका माणसाला कोणत्याही भाषेत कळतो. त्यांनी शांतपणे तमिळमध्ये समजावून सांगितलं की अम्मांचा भाव मोठा आहे, पण या रेघा कोणालाही वाचता येत नाहीत, आणि ज्या वाचता येत नाहीत त्यातून कोणाला काहीही वाचता येतं. बायकांचा जीव सोन्यात असतो, ते स्वाभाविक आहे. राहुकाळाला वीस मिनिटं आहेत. आणि त्यांनी ताट राजगोपालच्या हाताकडे किंचित सरकवलं. हे शेवटचं मीनाक्षीनं बघितलं आणि तिला राग आला. छान, भरपूर राग. त्या रविवारचा हशा तिच्या कानात पुन्हा वाजला, पण आता त्याची लाज वाटेना. सोन्यात जीव असल्याची शंका तिला स्वतःलाच मघाशी आली होती आणि तिनं ती तपासून खाली ठेवली होती. हा माणूस शिळं बोलत होता. ती म्हणाली, कागदात अजून एक ओळ आहे. ती खोटी निघाली तर माझं सगळंच वाचणं खोटं, ताट मी स्वतः उचलून देते. आणि तिनं वाचलं, "परसांत विहिरीचे उत्तरेस हद्दीचा धोंडा, त्यावरी टाळजोड कोरिला असे."

सगळे परसात गेले. उन्हानं विहिरीचा काठ तापला होता. तुकोजीरावांनी उत्तरेची भिंत बघितली, केळी बाजूला सारून बघितल्या. तिथं हद्दीचा दगड नव्हता, कोरीव टाळ नव्हते, एक नुसता धुण्याचा दगड होता, सपाट, साबणानं पांढुरका झालेला. अय्यरांनी कमरेचं घड्याळ काढून बघितलं. राजगोपाल मान खाली घालून उभा राहिला, आणि मीनाक्षीला वाटलं, संपलं. अप्पा, मी चुकीचं वाचलं. ती कागद रुमालात गुंडाळायला लागली. तेव्हा जयलक्ष्मी बोलली, इतका वेळ जिला कोणी काही विचारलं नव्हतं ती जयलक्ष्मी. ती दगडाकडे बघत होती. "मी नवी नवरी होतें तेव्हां माझें कानांतलें या धोंड्याखालीं गेलें होतें," ती म्हणाली. "हात घालून काढिलें. खालून गुळगुळीत नाही तो. दोन वाटोळ्या खांचा लागल्या होत्या बोटांस. मला वाटलें, जुनें जातें असेल."

पहार आणायला तुकोजीराव स्वतः धावले. दगड वाटला त्याहून जड निघाला. राजगोपालनं कोर्टात घालायचा कोट काढून तुळशीवर टाकला आणि दोघांनी रेटा दिला. अय्यरसुद्धा पुढे झाले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. दगड एका कुशीवर वळला आणि मग पूर्ण उलटला. खाली काळी ओली माती, गांडुळं, आणि दगडाच्या पोटाला चिकटलेला चिखल. जयलक्ष्मीनं विहिरीवरची भरलेली घागर त्यावर ओतली. चिखल वाहून गेला आणि टाळ दिसले. दोन वाटोळे टाळ, मधे दोरी, दोरीला गाठसुद्धा कोरलेली. कोणी कारागिरानं ती गाठ किती प्रेमानं काढली होती. चार पिढ्या बायका देवाच्या टाळांच्या पाठीवर धुणं बडवत होत्या आणि पुरुष कागदाला हळद लावत होते. मीनाक्षी हसायला लागली. तिला हसू आवरेना. उन्हात, परक्याच्या परसात, पन्नाशीच्या बाईनं असं हसावं हे शोभत नव्हतं, आणि जयलक्ष्मीही तिच्याबरोबर हसायला लागली तेव्हा तर दोघींना विहिरीच्या काठाला धरावं लागलं. आत घड्याळात दीडचा ठोका पडला.

तुकोजीराव तेवढे हसत नव्हते. ते दगडापाशी उकिडवे बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. पणजोबांना मिळालेलं बक्षीस एका घागरीत वाहून गेलं होतं. "अक्का, मग आमचें काय राहिलें?" त्यांनी विचारलं. मीनाक्षीनं हसू आवरलं. कागदाची शेवटची ओळ तिनं त्यांच्यासाठीच ठेवली होती की काय, असं वाटावं इतक्या सावकाश तिनं ती वाचली, "देवाची चाकरी चालवील तोंवर राहणारास कोणीं उठवूं नये, हे सूर्यचंद्र असेत तोंवर." मग साध्या बोलण्यात सांगितलं, कर्ज काढून घेतलेल्या घराला असला शब्द कोणी देत नाही. तेल पोचवा आणि राहा. तुमी घर विकतां तरी कसाला? तेव्हा कळलं की ते विकायचा विचारही अय्यरांचाच. गेल्या श्रावणात त्यांनीच चार आण्यांत सांगितलं होतं, जुनं एक विका आणि स्टेशनाकडच्या नव्या वस्तीत कर्ज काढून दोन घ्या. म्हणजे एकाच माणसानं एकाला घ्यायला सांगितलं होतं आणि दुसऱ्याला विकायला, आणि दोघांनाही सांगितलं होतं की यात तुमचंच भलं आहे. राजगोपालनं कोट तुळशीवरून उचलला, झटकला, आणि ताटातले एकशे एक रुपये एकेक करून खिशात टाकले. अय्यर तोपर्यंत पुढच्या दारानं गेले होते. त्यांची छत्री सोप्यावर राहिली होती.

घरी परतताना दोघं तळ्याच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसली. मेळ्यासाठी मंडपांना चुना लावायचं काम चाललं होतं. राजगोपाल म्हणाला, त्या रविवारी तू विचारलंस त्याला उत्तर नव्हतं, म्हणून सगळे हसले, आणि मीही हसलो. एवढं म्हणायला त्याला तळ्याकडे बघत राहावं लागलं. तिच्या अंगभर काहीतरी गोड पसरत गेलं, आणि तिला ते लपवावंसंही वाटलं नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं की मग घराचं काय. ती म्हणाली, घर पाहिजेच, मला तर फारच पाहिजे. मेळा होऊं दे, माणसं परत जाऊं देत, तळ्याभोवतीच्या घरांना कुलपं लागू देत, मग बघू, आणि कर्ज न काढता जेवढं येईल तेवढंच बघू. आधी कागद बघू. हे सांगताना आपण अप्पांसारखा आवाज काढतोय हे तिच्या लक्षात आलं. त्या पायऱ्यांवर बसून, भाड्याच्या घराकडे जायचं असताना, तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याकडे काहीतरी आहे जे कोणी भाड्यानं दिलेलं नाही.

गोष्ट तिथं राहिली नाही. जयलक्ष्मीनं शेजारणींना टाळ दाखवले, शेजारणींनी आपापल्या देव्हाऱ्यांतले रुमाल सोडले. पुढच्या रविवारी संध्याकाळी मीनाक्षीकडे तिघे आले, त्याच्या पुढच्या रविवारी अकरा. गोविंदपुरमहून एक म्हातारे भजनी बैलगाडी करून आले, त्यांच्या कागदात आंब्याची सात झाडं निघाली आणि ती त्यांचीच निघाली. तिरुविडैमरुदूरचे नरसिंहराव पोरीच्या लग्नासाठी जमीन गहाण टाकायला निघाले होते, त्यांचा कागद वाचल्यावर गहाण टाकणं राहून गेलं आणि वर चुलतभावाकडून एक विहीर परत मिळाली. काहींच्या कागदात वाईटही निघालं, तेही ती वाचायची, आणि माणसं ते ऐकून घ्यायची. शिवकामी अम्मा घागरी मोजायच्या विसरल्या. त्या स्वतः ओटा झाडून ठेवायच्या, चटई घालायच्या, आणि आलेल्यांना सांगायच्या की आमच्या घरात राहतात या. मीनाक्षी भाड्याच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायची, श्वास मोडेल तिथं शब्द मोडत, आणि राजगोपाल शेजारी बसून कारकुनी अक्षरात ते देवनागरीत उतरून द्यायचा. तो मधेच थांबवून विचारायचा, हें काय म्हणालीस, आणि ती पुन्हा सांगायची.

पौषातल्या एका रविवारी, गर्दी पांगल्यावर, शंकरनारायण अय्यर आले. चालतच आले. तळ्याभोवती त्यांची स्वतःची चार घरं होती हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि त्यांतली दोन जुन्या मराठी घराण्यांकडून घेतलेली होती हेही. काखेत हिरव्या रेशमात गुंडाळलेली सुरळी होती. तुकोजीरावांकडून आणून ठेवलेली त्यांची छत्री राजगोपालनं कोपऱ्यातून उचलून त्यांच्यापुढे ठेवली. अय्यरांनी ती घेतली नाही. ते उभेच राहिले आणि तमिळमध्ये, हळू आवाजात म्हणाले, "अम्मा, हे जरा बघता का?"

मीनाक्षीनं त्यांच्याकडे बघितलं. या माणसाचा ओटा, तो हशा, ताट सरकवणारा तो हात, हे सगळं तिला आठवलं, आणि दगड उलटताना त्यानं लावलेला खांदाही आठवला. काखेतली सुरळी त्यानं आता दोन्ही हातांत धरली होती. चार घरांवरचं कर्ज भाडेकरू फेडत नव्हते, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिनं विहिरीवर जाऊन हात धुतले, पदराला पुसले, परत येऊन चटईवर बसली आणि समोरची जागा दाखवली. अय्यर बसले. त्यांनी सुरळी पुढे केली.

तिनं ती लगेच घेतली नाही. शेजारचं पितळी ताट उचललं, त्यातली पानं बाजूला केली आणि ते रिकामं ताट त्यांच्यासमोर ठेवलं.

"चार आणे," ती म्हणाली.